वळिवड्याच्या बराकी

१० फेब्रुवारी १९४० ची पहाट. सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व पोलंडमध्ये पारा उणे ३० अंशांच्या आसपास होता. एनकेव्हीडीची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांची पथकं एकाच वेळी हजारो घरांच्या दारांवर धडकली. हातात याद्या होत्या, आणि वाट दाखवायला बहुधा आसपासचाच कुणीतरी. घरातल्या पुरुषाला भिंतीशी उभं करायचं, शस्त्रांसाठी झडती घ्यायची, हुकूम वाचून दाखवायचा आणि बायकांना सांगायचं, आवरा. कुणाला अर्धा तास मिळाला, कुणाला दोन. एखादा शिपाई भला निघाला तर पीठ घ्या, लोकरीचे कपडे घ्या, कुऱ्हाड विसरू नका, असं हळूच सुचवायचा. मग घसरगाडीवरून स्टेशन आणि पुढे मालगाडी. डब्यात दोन्ही बाजूंना फळ्यांचे माळे, मध्ये लोखंडी शेगडी, आणि शौचासाठी जमिनीला पाडलेलं एक भोक. पहिल्या दिवशी बायका त्याभोवती आळीपाळीने चादर धरून उभ्या राहत. अशा डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास करून ही माणसं उत्तर रशिया आणि सायबेरियातल्या जंगलतोडीच्या वस्त्यांवर पोचली.

या पहिल्या लाटेत सुमारे १,४०,००० माणसं गेली. १९२० च्या पोलंड-सोव्हिएत युद्धात लढल्याबद्दल जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि जंगलखात्याचे नोकर यांची ही कुटुंबं. दुसरी लाट १३ एप्रिलची, आणि तिच्यामागचा हिशेब जास्त थंड डोक्याचा. कैदेतल्या पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घालायचा निर्णय मॉस्कोत ५ मार्चला झाला होता. त्यांच्या बायकामुलांच्या याद्या लगेच तयार करवून घेतल्या गेल्या आणि त्यांना दहा वर्षांसाठी कझाकस्तानात पाठवलं गेलं. कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी सुमारे २२,००० जण मारले जात होते, त्याच दिवसांत त्यांची कुटुंबं गाडीत होती. नवरा, बाप जिवंत आहे असंच समजून. जूनमधल्या तिसऱ्या लाटेत जर्मनांपासून पळून पूर्वेला आलेले निर्वासित होते आणि त्यांत ज्यू बहुसंख्य. नशिबाचा खेळ असा की मागे राहिलेले ज्यू पुढच्या दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळे मारले गेले, आणि सायबेरियात हाकलले गेलेल्यांतले पुष्कळ वाचले.

या हद्दपारांपैकी आणि त्यांच्या मुलांपैकी सुमारे ५,००० जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिले. आमच्या कोपरखैरण्यात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची माथाडी कुटुंबं पुष्कळ. सुट्टी लागली की ठाणे-बेलापूर रस्त्यावर बोचकी घेऊन ट्रॅव्हल्सची वाट बघत उभी असतात. त्यांच्यापैकी कुणापुढे वळिवड्याशेजारच्या गांधीनगरचं नाव काढलं, तर लग्नाचा बस्ता आठवतो. कापडाची घाऊक पेठ म्हणून ते नाव घरोघरी माहीत. ती पेठ ज्या जागेवर उभी राहिली, तिथेच पोलिश छावणीच्या बराकी होत्या.

एखाद्या समाजाचा संहार किंवा मुळासकट उच्छेद झाला, तर त्याचं पुढे काय उरतं, किती पिढ्या उरतं, हा प्रश्न आज कायदा, इतिहास, मनोविकारशास्त्र, अर्थशास्त्र अशा निरनिराळ्या दालनांत अभ्यासला जातो. वळिवड्याची माणसं या प्रत्येक दालनातून थोडीथोडी दिसतात.

कायद्याचं दालन उघडणारा माणूस पूर्व पोलंडच्या याच भागातला. राफाएल लेमकिनचा जन्म १९०० सालचा, वोल्कोविस्क गावाजवळचा. शिक्षण ल्वूव शहरात. आज पहिलं गाव बेलारूसमध्ये आहे, दुसरं युक्रेनमध्ये. लेमकिन ज्यू होता, वॉर्सॉत सरकारी वकील होता. १९३९ मध्ये तो निसटला, लिथुआनियामार्गे स्वीडनला पोचला, आणि १९४१ मध्ये मॉस्को, व्लादिवोस्तोक, जपान असं करत अमेरिकेला गेला. म्हणजे सायबेरिया ओलांडणाऱ्या ज्या लोहमार्गावरून त्याचे देशबांधव वर्षभरापूर्वी मालडब्यांतून नेले गेले होते, त्याच मार्गावरून हा तिकीट काढून गेला. त्याच्या घरचे ४९ जण नाझींनी मारले. १९४४ च्या पुस्तकात त्याने वंशसंहार या गुन्ह्याला नाव दिलं, आणि ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार मंजूर केला.

पण करारात बसतं कोण? राष्ट्रीय, वांशिक, वंशीय आणि धार्मिक गट. राजकीय गट वाटाघाटींत वगळले गेले, आणि ते वगळावेत यासाठी सोव्हिएत संघाने जोर लावला होता. कारण उघड आहे. ‘माजी सैनिक’, ‘जंगल अधिकारी’, ‘जमीनदार’ अशा याद्या करून माणसं हाकलणाऱ्या राजवटीला ही पळवाट हवीच होती. त्यामुळे १९४० च्या हद्दपारीला वंशसंहार म्हणायचं की नाही, यावर आजही एकमत नाही. पोलंडच्या संसदेने २००९ मध्ये कातिनच्या हत्याकांडात वंशसंहाराची लक्षणं आहेत असा ठराव केला. नॉर्मन नायमार्क या अमेरिकन इतिहासकाराने २०१० मध्ये अख्खं पुस्तक लिहून व्याख्या रुंद करा असा आग्रह धरला. माझं मत विचाराल तर हद्दपारीला हद्दपारीच म्हणावं; तिची भीषणता सिद्ध करायला मोठ्या शब्दाची गरज नाही. आणि हाच न्याय आपल्याकडेही लावावा. नवी मुंबईसाठी आमच्या कोपरखैरण्यासह ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत त्याविरुद्धच्या आंदोलनात शेतकरी गोळीबाराला बळी पडले. तो अन्याय त्याच्या नावाने सांगितला तरी पुरेसा मोठा आहे.

भारताने वंशसंहाराविरुद्धचा करार अधिकृतपणे स्वीकारला तो २७ ऑगस्ट १९५९ ला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये लेमकिन वारला. योगायोग, यात अर्थ शोधू नये. अर्थ आहे तो पुढच्या साठ वर्षांत. १७ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीख हत्याकांडात सज्जन कुमारला जन्मठेप दिली, तेव्हा निकालपत्रात स्पष्ट लिहिलं, की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीतच आणि ही फट बुजवायला हवी. त्या निकालात मुंबईच्या १९९३ च्या दंगलीचाही उल्लेख आहे.

आता माणसांकडे वळू. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली आणि स्टालिनला मित्रांची गरज पडली. ३० जुलैला लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी करार झाला आणि हद्दपारांना ‘माफी’ मिळाली. कुठल्या गुन्ह्याची, हे विचारायचं नाही. जनरल आंदर्स पोलिश सैन्य उभं करतोय अशी बातमी लागताच जंगलातल्या वस्त्यांवरून, सामुदायिक शेतांवरून माणसं मिळेल त्या गाडीने दक्षिणेकडे सुटली. वाटेत टायफसने आणि भुकेने किती गेली याला गणती नाही. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे १,१५,००० जण इराणात उतरले. पुरुष पुढे इटलीत मोंते कासिनोला लढले. त्याच इटलीत आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे तिथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बायकामुलं मात्र जगभर वाटली गेली. कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला.

भारतात पहिली आली ती अनाथ मुलं, १९४२ मध्ये, खुष्कीच्या मार्गाने. त्यांना आधी काही काळ वांद्र्याला ठेवलं होतं. मग नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला त्यांची सोय केली. ही गोष्ट आता बरीच सांगितली जाते. वळिवड्याची कमी, कारण तिथे एक दिलदार राजा असा नायक सापडत नाही. ती छावणी म्हणजे लंडनचं पोलिश सरकार, दिल्लीचं इंग्रज सरकार, कोल्हापूर संस्थान आणि मुंबईतले पोलिश कॉन्सल युजेनियुश बनासिन्स्की व त्यांच्या पत्नी कीरा यांच्या खटपटीतून उभं राहिलेलं गाव. खर्च पोलिश सरकारचा. हवा बरी, रेल्वे जवळ, पंचगंगेचं पाणी जवळ.

लांबलचक बराकींच्या रांगा, वर कौलं, आत कुटुंबागणिक खोल्या, पुढे ओटी. वस्तीत बायका आणि मुलं यांचाच भरणा. तरणे पुरुष आघाडीवर किंवा जमिनीखाली. कातिनची प्रेतं सापडल्याची बातमी जर्मनांनी फोडली ती एप्रिल १९४३ मध्ये, म्हणजे छावणी भरू लागण्याच्या जेमतेम आधी. ‘बाबा कुठल्यातरी छावणीत असतील’ ही आशा संपवणारं पत्रक घेऊनच काही घरं इथे आली असणार.

या बायकांनी पहिल्यापासून धरून ठेवलं ते शाळेला. वळिवड्यात प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक होती, शिक्षक घडवण्याची सोय होती. बालवीरांची पथकं होती, चर्च होतं, दवाखाना, पोस्ट, सिनेमा, नाटकाचा रंगमंच होता. मुंबईहून पोलिश वर्तमानपत्र निघायचं ते इथे वाचलं जायचं. पुस्तकांचा तुटवडा असल्यामुळे शिक्षिका सांगायच्या आणि मुलं उतरवून घ्यायची. ज्या पोरांची दोन-तीन वर्षं झाडं तोडणाऱ्या आईमागे लाकडं गोळा करण्यात आणि पावाच्या रांगेत गेली होती, ती इथे लॅटिन घोकत होती. बाजारात भाजीवाले, दूधवाले मोडकंतोडकं पोलिश बोलायला शिकले, असं तिथे वाढलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. कोल्हापूरकरांना यात नवल वाटू नये. गिऱ्हाईक आलं की भाषा येते.

मुलांच्या लिहिण्याचा आणखी एक उपयोग झाला. आंदर्सच्या सैन्याच्या माहिती विभागाने मध्यपूर्वेतल्या पोलिश शाळांत मुलांना निबंध लिहायला लावले. विषय, रशियात तुम्ही काय पाहिलंत. हे निबंध पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या हूव्हर संस्थेत पोचले, आणि यान ग्रॉस व इरेना ग्रुडझिन्स्का-ग्रॉस या दांपत्याने १९८१ मध्ये त्यांतून एक ग्रंथ काढला. तेव्हा सोव्हिएत दप्तरं बंद होती. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या वह्या हाच पुरावा होता, आणि तो विलक्षण काटेकोर ठरला. मुलं अत्याचाराचं वर्णन करत बसत नाहीत. घरातून काय घेतलं, डब्यात किती जण होते, पाव किती ग्रॅम मिळायचा, आई कुठल्या महिन्यात गेली, एवढंच लिहितात.

१९९० नंतर दप्तरं उघडली आणि इतिहासकारांत निराळंच भांडण लागलं. परागंदा पोलिश मंडळी हद्दपारांचा आकडा दहा लाख आणि त्याहून जास्त सांगत आली होती. एनकेव्हीडीच्या कागदांत सगळ्या लाटा मिळून ३,२०,००० च्या घरात भरतात. वाचलेल्यांना हा अपमान वाटला. आमचं दुःख तिपटीने फुगवलेलं होतं का, असं त्यांना ऐकू आलं. पण अटक झालेले, सक्तीने सैन्यात घेतलेले, स्वतंत्रपणे पाठवलेले कैदी त्या आकड्यात नाहीत. शिवाय छळणाऱ्याच्या कारकुनाने केलेली मोजणी किती खरी मानायची, हाही प्रश्न आहेच. इतिहासकार आज सहसा दप्तराचा आकडा पाया धरून त्यात भर घालतात. मला ते योग्य वाटतं. आकडा लहान झाल्याने डब्यातलं भोक बुजत नाही.

डॉक्टरांनी हा प्रश्न हातात घेतला तो युद्धानंतर बऱ्याच उशिरा. क्राकोव्हमध्ये मनोविकारतज्ज्ञ आन्तोनी केंपिन्स्की, जो स्वतः स्पेनमधल्या छावणीत कैदी होता, त्याने आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाअखेर आउशवित्झमधून सुटलेल्यांना तपासायला सुरुवात केली. अमेरिकेत विल्यम नीडरलँडने त्याच सुमारास वाचलेल्यांची झोपमोड, अपराधीपण, अखंड धास्ती यांचं एकत्र चित्र मांडलं. १९६६ पासून कॅनडातले डॉक्टर म्हणू लागले, की या लोकांची युद्धानंतर जन्मलेली मुलंही उपचारांना येताहेत. पिढीजात जखमेची कल्पना तिथून रुजली. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेचल येहुदा यांनी ताणाशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा आईबाप आणि मुलं या दोघांतही बदललेल्या दिसतात असं दाखवलं, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘आघात रक्तातून वाहतो’ असे मथळे दिले. अभ्यासात नाझी संहारातून वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ मुलं होती. एवढ्यावर एवढा मोठा मथळा पेलत नाही. घरातली सततची भीती मुलाला आईच्या वागण्यातूनही लागते; ती जनुकातून आली की जेवणाच्या टेबलावरून, हे २२ मुलांवरून कसं ठरवणार?

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत उपयोगाचं काम हान्स काइलसन या माणसाचं. जर्मन ज्यू, डॉक्टर, कादंबरीकार. हॉलंडमध्ये लपून राहिला. त्याचे आईवडील आउशवित्झमध्ये गेले. युद्धानंतर त्याने अनाथ ज्यू मुलांवर उपचार केले आणि पंचवीसेक वर्षांनी त्यांतल्या २०४ जणांचा मागोवा घेतला. १९७९ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथात मुलांच्या आयुष्याचे तीन टप्पे आहेत. आधी दहशतीची सुरुवात, मग आईबापांपासून ताटातूट आणि लपणं, आणि तिसरा युद्ध संपल्यानंतरचा. निष्कर्ष असा, की ज्यांचा दुसरा टप्पा भयंकर पण तिसरा बरा गेला, ती मुलं पुढे सावरली. ज्यांचा दुसरा टप्पा त्या मानाने सुसह्य पण तिसरा वाईट गेला, ती सावरली नाहीत. संहाराचा परिणाम म्हणून आपण जे मोजतो, त्यातला मोठा वाटा संहारानंतर लोक कसे वागले याचा असतो.

हे धरून वळिवड्याकडे पाहिलं की पुष्कळ गोष्टी जुळतात. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देऊन टाकला गेला. छावणीतल्या बहुतेकांचं घर नकाशावर दुसऱ्या देशात गेलं. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. परत जावं तर वॉर्सॉत स्टालिनच्या पसंतीचं सरकार. जे गेले त्यांना सायबेरियाचं नाव काढायची चोरी. १९८९ पर्यंत तिथे ‘आम्हाला रशियाने हाकललं’ हे नोकरीच्या अर्जावर लिहिता येत नव्हतं, की मुलांना मोकळेपणी सांगता येत नव्हतं. बहुतेकजण १९४७-४८ मध्ये मुंबईहून जहाजाने ब्रिटनला गेले, जिथे आंदर्सच्या सैनिकांच्या कुटुंबांना वसवण्याचा कायदा झाला होता. तिथे त्यांनी भारतातल्या पोलिशांची संघटना काढली, मेळावे भरवले, आठवणींचा जाडजूड ग्रंथ छापला. हद्दपारीची गाडी दोघांची एकच होती. एका बाजूला गप्प बसणं आलं, दुसऱ्या बाजूला मेळावे.

अर्थशास्त्रज्ञ या मैदानात सर्वांत शेवटी उतरले, आणि त्यांनी आणलेली गोष्ट मला सर्वांत अनपेक्षित वाटली. साशा बेकर, एकातेरिना झुराव्स्काया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आजच्या पोलंडमधल्या हजारो माणसांना पूर्वजांचं गाव विचारून केलेला अभ्यास छापला. ज्यांचे पूर्वज युद्धानंतर त्या पूर्वेच्या पट्ट्यातून उठवले गेले, त्यांची नातवंडं-पतवंडं इतर पोलिशांपेक्षा सरासरी वर्षभर जास्त शिकलेली निघाली. युद्धापूर्वी त्या पट्ट्यातले लोक शिक्षणात पुढे नव्हते. मग हे आलं कुठून? अभ्यासकांचं म्हणणं असं, की घर, शेत, गुरं एका रात्रीत जातात हे ज्यांनी पाहिलं, त्यांनी डोक्यात राहील अशाच गोष्टीवर पैसा घातला. या अभ्यासातली माणसं वळिवड्याची नव्हेत, पण मुलूख तोच. बराकीत लॅटिन शिकवणाऱ्या बायकांनी हेच आधी ओळखलं होतं.

यावरून उच्छेद झाल्याने भलं होतं असा अर्थ कुणी काढू नये. डॅरन असेमोग्लू, तारिक हसन आणि जेम्स रॉबिन्सन यांनी २०११ मध्ये रशियातली शहरं तपासली. जिथे नाझींनी ज्यू वस्ती जास्त पुसली, ती शहरं पुढच्या अर्धशतकात मागे पडलेली दिसली. क्रिमियातून १९४४ मध्ये हाकललेल्या तातारांच्या तीन पिढ्यांना २०१४ मध्ये गाठून नोम लुपू आणि लिओनिद पेसाखिन यांनी दाखवलं, की आजोबांनी जितकं सोसलं तितकी नातवाची तातार म्हणून ओळख घट्ट आणि रशियाविषयीची अढी पक्की. उठवलेला माणूस काय घेऊन जातो आणि त्याच्यामागे रिकाम्या गावात काय उरतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०१९ च्या सप्टेंबरात वळिवड्यात वाढलेले काही वृद्ध कोल्हापूरला येऊन गेले, स्मारकाचा कार्यक्रम झाला. वॉर्सॉतही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. सरकारांना ही गोष्ट आवडते, कारण यात आपण यजमान आहोत.

पण त्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. पोलिश गेले आणि सिंधमधून उखडलेले लोक त्यात आले. त्यांचं नवं गाव म्हणजे गांधीनगर. पंजाबइतकी कत्तल सिंधमध्ये झाली नव्हती, पण ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर हिंदू सिंधींना राहणं अशक्य झालं. फाळणीच्या मनातल्या खुणांवर आपल्याकडे उर्वशी बुटालिया आणि वीणा दास यांनी मोलाचं काम केलं, ते मुख्यतः पंजाबी बायकांना बोलतं करून. सिंधी मात्र बोलण्यापेक्षा दुकानात दिसले. पोलिश बाईने पोराला शाळेत घातलं, सिंधी माणसाने गाठोडं खांद्यावर घेऊन कापड विकलं; उचलून नेता येईल असं भांडवल दोघांनीही जमवलं, फक्त प्रकार वेगळा. बेकर यांच्यासारखं सर्वेक्षण गांधीनगरात करायचं तर पूर्वजांचं गाव विचारावंच लागेल. पण काइलसन वाचल्यावर वाटतं, पहिला प्रश्न दुसराच असावा: तुमचे आजोबा इथे उतरले त्या वर्षी त्यांना उधारीवर माल कुणी दिला?